वास्क्स आणि पॅर्ट: एका सुरातले वाटणारे दोन रचनाकार

लात्व्हियाचे संगीतरचनाकार पेटेरिस वास्क्स आणि एस्टोनियाचे आर्वो पॅर्ट यांची नावे बहुधा एका दमात घेतली जातात. दोघेही बाल्टिक समुद्राकाठच्या देशांतले, दोघांचीही उमेदीची वर्षे सोव्हिएत राजवटीत गेलेली, दोघांच्याही संगीतात संथ लय, तंतुवाद्ये आणि प्रार्थनेचा भाव. त्यामुळे वास्क्स यांना ‘लात्व्हियाचे पॅर्ट’ म्हणून लोक मोकळे होतात. प्रत्यक्षात दोघांचे संगीत घडते ते अगदी निराळ्या रीतीने, आणि पॅर्ट यांची अपेक्षा मनात धरून वास्क्स ऐकायला बसलेल्या श्रोत्याच्या हाती निम्मे संगीत लागतच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॅर्ट यांचा जन्म 1935 सालचा. एस्टोनियन रेडिओत ध्वनी-अभियंता म्हणून काम करत असताना ते रचनाही करत होते. 1968 मध्ये ‘क्रेडो’ या रचनेतून त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा उघडपणे मांडली, तेव्हा राजवटीचा रोष ओढवला. पुढच्या वर्षांत त्यांनी फार थोडे लिहिले, जुन्या चर्चसंगीताचा अभ्यास केला, आणि 1976 पासून ‘टिन्टिनाबुली’ ही स्वतःची पद्धत वापरायला सुरुवात केली. हिच्यात दोन आवाज जोडीने चालतात: एक स्वरसप्तकातून पायरी-पायरीने चढतो-उतरतो, तर दुसरा केवळ मूळ कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसंघाच्या, तीन स्वरांतच फिरतो. आपल्याला तंबोरा आठवणे साहजिक आहे, पण तंबोरा गायकाच्या मागे स्वतःच्या गतीने झंकारत राहतो, तर इथे दुसऱ्या आवाजाचा प्रत्येक स्वर पहिल्याच्या स्वराशी नियमाने बांधलेला असतो. 1977 च्या ‘कान्टुस’ या शोकरचनेत आधी एकटी घंटा वाजते, मग व्हायोलिने ए मायनर या उदास छटेच्या सप्तकाची उतरती स्वरमाला सुरू करतात, आणि तीच स्वरमाला खालची वाद्ये निम्म्या, पाव अशा घटत्या गतीने उचलतात. नियम एकदा ठरला की रचना जणू आपोआप उलगडते, आणि रचनाकाराचे दुःख त्या शिस्तीआड लपते.

वास्क्स यांच्याकडे असा नियम शोधू नये. आइझ्पुते या गावी 1946 मध्ये एका बाप्टिस्ट पाळकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. पाळकाचा मुलगा म्हणून लात्व्हियात उच्च संगीतशिक्षणाची वाट अडली, तेव्हा त्यांनी शेजारच्या लिथुआनियात, विल्निउस येथे जाऊन डबल बास या सर्वांत खालच्या सुराच्या तंतुवाद्याचे शिक्षण घेतले. अनेक वर्षे ते वाद्यवृंदांत वाजवत होते आणि रचनेचे रीतसर शिक्षण त्यांनी लात्व्हियाची राजधानी रिगाला 1978 मध्ये पूर्ण केले. वाद्यवृंदाच्या तळाशी उभे राहून मिळालेली ही जाण त्यांच्या तंतुवाद्यांच्या लेखनात पदोपदी दिसते. त्यांच्यावर लुतोस्वाव्स्की आणि पेंडेरेत्स्की या पोलिश रचनाकारांचा प्रभाव आहे: वादकांना स्वर नेमून द्यायचे, पण ते कधी वाजवायचे हे काही काळ त्यांच्यावर सोपवायचे, ही युक्ती ते वापरतात. मग सारी तंतुवाद्ये एकाच वेळी किलबिलल्यासारखी ऐकू येतात. पक्षी हे त्यांच्यासाठी स्वातंत्र्याचे रूप आहे.

आणि त्यांचे दुःख लपत नाही. बहिणीच्या मृत्यूनंतर 1983 मध्ये लिहिलेल्या ‘मुझिका डोलोरोझा’मध्ये तंतुवाद्यांचा आक्रोश टिपेला जातो, आणि मध्ये चेलो या खर्जातल्या तंतुवाद्याचा एकटा विलाप उरतो. ‘बाल्सिस’, म्हणजे ‘आवाज’, ही सिम्फनी 1991 ची, लात्व्हिया स्वतंत्र झाला त्या वर्षाची; तिच्या शेवटच्या भागाचे नाव ‘विवेकाचा आवाज’. ‘चेलोचे पुस्तक’ या 1978 च्या रचनेच्या दुसऱ्या भागात तर वादकाने वाजवता वाजवता स्वतः हलक्या आवाजात गायचे असते. चेलोचा सूर आणि गळ्याचा सूर एकमेकांत मिसळू लागले की कोण वाद्य आणि कोण माणूस, हे क्षणभर कळत नाही. पॅर्ट यांच्या संयमात एवढी उघडी जवळीक मला कुठे आढळलेली नाही.

दोघांना जोडणारा एक खरा दुवा आहे तो रिगात जन्मलेले व्हायोलिनवादक गिडोन क्रेमर यांचा. पॅर्ट यांची ‘टाबुला रासा’ 1977 मध्ये एस्टोनियाची राजधानी टालिन येथे प्रथम सादर झाली तेव्हा एकल वादकांत ते होते, आणि वास्क्स यांचा ‘दूरचा प्रकाश’ हा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना) 1997 मध्ये साल्झबुर्ग महोत्सवात त्यांनीच प्रथम वाजवला. फरक कानाने पडताळायचा तर या दोन रचनांचे शेवट लागोपाठ ऐकावेत. ‘टाबुला रासा’त उतरत जाणारी स्वरमाला शेवटच्या स्वरावर पोचण्याआधीच शांततेत विरते, नियमाने जिथे न्यायचे तिथेच ती नेते. ‘दूरचा प्रकाश’मध्ये मात्र शेवटच्या शांततेआधी वाद्यवृंदात अक्षरशः कल्लोळ माजतो, त्यातून वॉल्ट्झ या तीन मात्रांच्या नृत्याची एक कर्कश चाल उसळते, आणि सारे मोडून पडल्यावर व्हायोलिनचे सुरुवातीचे गाणे पुन्हा, अगदी क्षीण, वर कुठेतरी ऐकू येते.