पीठ मी मळूचा, वडे तेणा तळूचे

कार्तिकी पौर्णिमा झाली की तळकोकणात जत्रांचा हंगाम सुरू होतो. देवळाबाहेर खाजाचे ढीग लागतात, पालखीची प्रदक्षिणा होते आणि त्यानंतर सभामंडपात दशावतार उभा राहतो. माझे काका गेली कित्येक वर्षं या लोकनाट्यात राजपार्ट, म्हणजे राजाचं काम, करतात. रात्री दहा-साडेदहाला ते मागच्या पडवीत पेटाऱ्याला टेकून बसलेले असतात. एका हातात आरसा धरून दुसऱ्या हाताने स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवत असतात. त्यांच्या शेजारी, त्याच चटईवर, संकासुर करणारा नट विडी ओढत असतो. दोघं एकाच टेम्पोतून येतात, एकाच पातेल्यातलं जेवतात, आणि एकमेकांवर मनातून जळतात. निदान काका तरी जळतात. त्यांनीच एकदा मला सांगितलं, "पीठ मी मळूचा नि वडे तेणा तळूचे! आणि लोक नाव घेतत कोणाचा? वडेवाल्याचा!"

ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सुरुवातीला गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते. सगळं झगमगीत आणि संथ. मग वेद पळवणारा संकासुर उडी मारून येतो. नखशिखान्त काळा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि बोलणं अस्सल मालवणीत. पेंगणारी म्हातारी माणसं सरळ बसतात. पोरं आयांच्या पदराआड तोंड लपवतात आणि एक डोळा बाहेर ठेवतात. पुढे मुख्य आख्यान सुरू झालं की हाच नट राजाचा सेवक बनून परत येतो. लिखित संहिता नसते, संवाद तिथल्या तिथे रचायचे असतात. त्यामुळे सेवकाने किती वेळ खायचा याला कायदा नाही. सिंहासन म्हणून ठेवलेल्या बाकड्यावर राजा बसून राहतो आणि सगळा मंडप सेवकाकडे बघत असतो.

काकांची ही तक्रार टीव्हीवरच्या विनोदी मालिकांमध्ये फार जुनी आहे. अमेरिकेत 1974 च्या जानेवारीत ‘हॅपी डेज’ नावाची मालिका सुरू झाली. नायक होता रिची हा साधासरळ मुलगा, आणि त्याचं काम करत होता रॉन हॉवर्ड. चामड्याचं जाकीट घालणारा, मोटरसायकलवाला फाँझी हे आधी बाजूचं पात्र होतं. हेन्री विंकलरने ते असं काही उभं केलं की थोड्याच काळात लोक फाँझीसाठी मालिका बघू लागले. वाहिनीने तर मालिकेच्या नावातच फाँझी घालण्याचा घाट घातला होता. हॉवर्डने विरोध केला आणि तो बेत बारगळला. या जोडीचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो, कारण त्यातच खरी गंमत आहे.

आधी प्रेक्षकाच्या डोक्यात काय होतं ते बघू.

हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1933 मध्ये एक साधी गोष्ट दाखवली. एकसारख्या गोष्टींच्या यादीत एकच वेगळी गोष्ट घातली तर ती जास्त चांगली लक्षात राहते. बांगडा, पेडवे, सौंदाळे, तारली, कंदील, मोरी, सुरमई ही यादी उद्या सकाळी आठवून बघा. कंदील नक्की आठवेल. इथपर्यंत आपल्यालाही ठाऊक असतं. पण त्यांच्या प्रयोगाचा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. तोच कंदील जर कंदील, विळी, छत्री, होडी, पोपट अशा यादीत ठेवला, तर त्याची जादू संपते. म्हणजे वेगळेपण कंदिलात नव्हतंच, ते आजूबाजूच्या माशांनी त्याला दिलेलं होतं. संकासुराचा काळा रंग उठून दिसतो तो सरस्वतीच्या जरीमुळे. फाँझी रुबाबदार वाटतो कारण शेजारी रिचीसारखा पापभीरू मुलगा उभा असतो.

हसण्याचंही असंच. 1980 मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या संशोधकांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना वाक्यं एकेका शब्दाने वाचायला दिली. त्यातलं एक वाक्य साधारण असं होतं : त्याने गरम पावावर पसरले मोजे. शेवटचा शब्द आला की सुमारे 400 मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत, मेंदूच्या विद्युत आलेखात ऋण दिशेची एक ठळक लाट उठत होती. तिला एन-400 म्हणतात. शब्द जितका अनपेक्षित, तितकी ती मोठी. आमच्याकडे हाच प्रयोग करायचा तर "आवशीन पानात वाढली गरम गरम चप्पल" एवढं पुरे. ही लाट म्हणजे हसू नव्हे. पण विनोदाची पहिली पायरी हीच : मेंदू पुढचं काही गृहीत धरतो आणि ते चुकतं. नंतर त्या चुकीचा अर्थ लागला तर आपण हसतो, नाही लागला तर कपाळाला आठी पडते.

आता चप्पल मोजली जाते, तिचा आवाज होतो, ती लक्षात राहते. पण "आवशीन पानात वाढली गरम गरम" हे कोण बोललं? ते राजा बोलला. तो गंभीर चेहऱ्याने "सेवका, आमच्या भोजनाची व्यवस्था झाली काय?" असं विचारतो, तेव्हा तो सगळ्या मंडपाच्या डोक्यात आंबोळी वाढत असतो. त्याने स्वतःच आचरटपणा केला तर सेवकाच्या चपलेला काही अर्थ उरत नाही. हसण्याचं श्रेय मात्र शेवटच्या शब्दाला जातं, कारण हसू त्या शब्दानंतर फुटतं. कानाला जे लागोपाठ ऐकू येतं त्यालाच आपण कारण समजतो.

जुन्या अमेरिकन रंगभूमीवाल्यांना हे प्रयोगशाळेच्या आधीपासून कळत होतं. अॅबट आणि कॉस्टेलो या जोडीत अॅबट गंभीर राहून प्रश्न विचारायचा आणि लठ्ठ कॉस्टेलो हशा घ्यायचा. तरी सुरुवातीच्या काळात कमाईतले 60 टक्के अॅबटचे आणि 40 कॉस्टेलोचे असत. हसवणारे पुष्कळ मिळतात, नीट चेंडू टाकणारा मिळत नाही, असा धंद्यातला हिशेब होता. पुढे सिनेमात जोडी गाजली, लोक कॉस्टेलोला ओळखू लागले आणि त्याने हेच प्रमाण उलटं करून घेतलं. दोघांमधलं वितुष्ट तिथून वाढत गेलं. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. "साठ टक्के?" एवढंच त्यांनी तीनदा विचारलं.

मग टीव्हीच्या यंत्रणेत आणखी एक गोष्ट घडते. लेखक दर आठवड्याला लिहितात आणि ज्याच्या तोंडी वाक्य चाललं त्याला पुढच्या आठवड्यात दोन वाक्यं जास्त देतात. जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो. ‘फॅमिली मॅटर्स’ मध्ये स्टीव्ह अर्कल हा शेजारचा चष्मेवाला मुलगा खरं तर एका भागापुरता पाहुणा होता. बघता बघता मालिका त्याची झाली आणि ज्या कुटुंबासाठी ती लिहिली होती ते कुटुंब मागे सरकलं. ‘गुड टाइम्स’ मध्ये याहून वाईट झालं. ती शिकागोतल्या एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाची गोष्ट होती. त्यातला थोरला मुलगा जेजे त्याच्या एका आरोळीमुळे लोकप्रिय झाला आणि सगळे भाग त्याच्या माकडचेष्टांभोवती फिरू लागले. आई-बापाची कामं करणारे एस्थर रोल आणि जॉन अॅमोस यांनी उघड नाराजी दाखवली. 1976 मध्ये अॅमोसला काढण्यात आलं. बाप अपघातात गेला असं दाखवून विषय मिटवला. पुढच्या वर्षी रोलही बाहेर पडली आणि शेवटच्या पर्वाला परत आली. माझ्या मते त्या दोघांचं दुखणं नुसतं मत्सराचं नव्हतं. यादीतले मासे काढून नुसते कंदील भरत गेले की काय होतं, ते त्यांना दिसत होतं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सावंतवाडीजवळ आकेरीत चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’. ती विनोदी मालिका नव्हे, भुताखेतांची. पण 2016 मध्ये ती सुरू झाल्यावर मुंबईच्या लोकलपासून आमच्या एसटी स्टँडपर्यंत लोकांच्या तोंडी बसलं ते गड्याच्या भूमिकेतल्या पांडूचं "इसरलंय". पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते. घरावर सावट, सगळ्यांचे चेहरे ताणलेले, आणि मध्येच हा माणूस काय सांगायला आला तेच विसरतो. ताणलेल्या चेहऱ्यांशिवाय "इसरलंय" हा नुसता विसराळूपणा झाला असता.

आता मत्सराकडे येऊ. अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञाने जोनाथन स्मिथ या सहकाऱ्याबरोबर 1980 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो वाचल्यापासून मला पडवीतली ती चटई वेगळी दिसते. प्रयोगाला येणाऱ्याने आपला एक मित्र बरोबर आणायचा. खेळ शब्द ओळखण्याचा. एकाने सूचक शब्द द्यायचे, दुसऱ्याने मूळ शब्द ओळखायचा. सूचक शब्द सोप्या-कठीण क्रमाने लिहून ठेवलेले, त्यातला कुठला द्यायचा हे देणाऱ्याच्या हातात. काही जणांना सांगितलं की हा नुसता खेळ आहे. काहींना सांगितलं की यातून तुमची बुद्धिमत्ता आणि नेतृत्वगुण कळतात. आधी प्रत्येकाला त्याची स्वतःची कामगिरी जेमतेमच झाली असं भासवलं होतं. मग त्याने मित्राला आणि अनोळखी माणसाला सूचना द्यायच्या.

नुसता खेळ असताना लोकांनी मित्राला सोप्या सूचना दिल्या. पण खेळ बुद्धीचा आहे म्हटल्यावर मित्रालाच जास्त कठीण सूचना मिळाल्या आणि अनोळखी माणसाला सोप्या. परका पुढे गेला तर काय बिघडतं? आपला माणूस, आपल्याच क्षेत्रात, आपल्यापुढे गेला की टोचतं. टेसरने यातून मांडलेल्या सिद्धान्तात तीन गोष्टी आहेत : जवळीक, दुसऱ्याची सरशी, आणि ती सरशी ज्या बाबतीत आहे ती बाब आपल्याला किती जिव्हाळ्याची आहे. तिसरी गोष्ट कमी असेल तर पहिल्या दोन उलटं काम करतात. माझा भाऊ उत्तम पोहतो हे मी गावभर सांगतो, कारण मला पोहायची हौस नाही. तो माझ्यापेक्षा चांगला लिहू लागला तर मी काय करीन ते सांगवत नाही.

आता रॉन हॉवर्डकडे बघा. त्याला लहानपणापासून दिग्दर्शन करायचं होतं. मालिका जोरात असतानाच 1977 मध्ये त्याने पहिला सिनेमा दिग्दर्शित केला, 1980 मध्ये मालिका सोडली आणि पुढे ऑस्करही मिळवलं. फाँझीला मिळणाऱ्या टाळ्या ज्या तराजूत तोलल्या जात होत्या, त्या तराजूतून तो उतरलाच. तो आणि विंकलर आजही मित्र आहेत. विंकलर त्याच्या थोरल्या मुलीचा धर्मपिता आहे. ‘साइनफेल्ड’ मध्येही असंच. क्रेमरचं काम करणाऱ्या मायकल रिचर्ड्सला सहायक अभिनेत्यासाठी टीव्हीचे तीन एमी पुरस्कार मिळाले, नायक जेरी साइनफेल्डला अभिनयासाठी एकही नाही. पण जेरी मालिकेचा सहनिर्माता होता. क्रेमरचा प्रत्येक हशा त्याच्याच खात्यात जमा होत होता. ‘फ्रेंड्स’ मधल्या सहा जणांनी तर तराजूच मोडीत काढला. सगळ्यांनी मिळून मानधनाची बोलणी केली, आणि शेवटच्या दोन पर्वांत प्रत्येकाला भागामागे सारखेच दहा लाख डॉलर मिळाले.

काकांकडे दहा लाख डॉलर नाहीत आणि दिग्दर्शक व्हायचंही त्यांच्या मनात नाही. शिवाय त्यांच्या कुरकुरीतही थोडी सूट धरावी लागते. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 मध्ये नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला, तर बहुतेक जोड्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांवर गेली. आपण केलेलं आपल्याला ठसठशीत आठवतं, दुसऱ्याने केलेलं अंधुक. संकासुराला विचारलं तर पीठही तोच मळतो असं तो सांगेल. मी विचारलं नाही.

गेल्या जत्रेत मी मात्र सगळं आख्यान मोबाइलवर रेकॉर्ड केलं. पहाटे टेम्पोत सामान चढत होतं आणि संकासुराचा नट पेटाऱ्यावर डोकं ठेवून घोरत होता, तेव्हा मी इअरफोनचा एक तुकडा काकांच्या कानात घातला. चेहऱ्यावरचा रंग अर्धाच पुसलेला, भुवईजवळ काजळ पसरलेलं. सेवकाच्या एका वाक्यावर मोठा हशा पिकला, भजनाला बसलेल्या म्हाताऱ्यांचाही आवाज त्यात होता. काकांनी हात वर करून मला थांबवलं आणि थोडं मागे घ्यायला लावलं.

हशाच्या आधी सेवकाचं वाक्य, त्याच्या आधी राजाचा प्रश्न. प्रश्न आणि उत्तराच्या मध्ये पेटी थांबलेली आणि मंडपात कोणाचं तरी पोर खोकलेलं. राजा पुढचं बोलणार असं वाटतं आणि तो बोलत नाही.

"हय बघ," काका हळूच म्हणाले, शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून. "हय मी गप रवलंय."

आणि त्यांनी ते परत मागे घ्यायला सांगितलं.