चाळिशीनंतर जिने चढले की गुडघे झिजतात?

ठाण्यात तलावपाळीच्या फेरीत हमखास मिळणारा सल्ला: चाळिशी उलटली, आता बैठका आणि जिने बंद. निरोगी गुडघ्यासाठी हा सल्ला उलटाच पडतो. सांध्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडून सुटला की सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो आणि तिला पोषण मिळतं. बसून राहिलात तर मांडीचे स्नायू दुबळे होतात, मग भार सांध्यावरच येतो. दुखणं बहुधा घाईमुळे सुरू होतं. वर्षानुवर्षं खुर्चीत आणि पहिल्याच रविवारी थेट येऊरचा डोंगर!

सुरुवात खुर्चीपासून करा. टणक, गुडघ्याइतकी उंच खुर्ची भिंतीला टेकवा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, पुढे झुका, हातांचा आधार न घेता उठा. बसताना तीन आकडे मोजा. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया. गुडघे आत वळू देऊ नका. ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवा. दोन आठवड्यांनी जिने: चढा पायी, उतरा लिफ्टने, कारण उतरताना गुडघ्यावर ताण जास्त.

सकाळपर्यंत ओसरणारी हलकी दुखणी चालतील. सूज आली, गुडघा अडकला किंवा लचकला तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा.