अनाकाओना (व्यक्तिनाम)

हिस्पॅनिओला बेटावरील (आजचे हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक) ताईनो या मूळ रहिवाशांमधील एक स्त्रीनाम. बेटाच्या नैर्ऋत्येकडील शारागुआ राज्याची शासक अनाकाओना हिच्यामुळे ते इतिहासात आले. तेथील प्रमुख बोहेचीओ याची ती बहीण आणि मागुआनाचा प्रमुख काओनाबो याची पत्नी. भावामागून राज्य तिच्याकडे आले. बेटाचा स्पॅनिश गव्हर्नर निकोलास दे ओव्हांदो याने १५०३ मध्ये शारागुआत कत्तल घडवली. तिला सांतो दोमिंगो येथे फाशी देण्यात आले. १४७४ हे सर्रास छापले जाणारे तिचे जन्मवर्ष अंदाजाने धरलेले समजावे.

व्युत्पत्ती : ‘आना’ म्हणजे फूल व ‘काओना’ म्हणजे सोने, म्हणून ‘सुवर्णपुष्प’, असा अर्थ रूढ आहे. यांपैकी ‘काओना’चा आधार पक्का आहे. लास कासास या स्पॅनिश धर्मगुरू व इतिहासकाराने केलेल्या गोषवाऱ्याच्या रूपात टिकलेल्या कोलंबसच्या रोजनिशीत १३ जानेवारी १४९३ रोजी सोन्याचे तीन शब्द येतात: बेटाच्या आधी पाहिलेल्या भागात ‘काओना’, सान साल्वादोर या बहामातील बेटाकडे ‘नोसाय’ आणि त्या दिवशी भेटलेल्या माणसाच्या तोंडी ‘तुओब’. त्या माणसाला ‘काओना’ कळले नाही. पीटर मार्टर हा इतिहासकारही काओनाबो या नावाचा अर्थ ‘सुवर्णगृहाचा स्वामी’ असा देतो. ‘आना’विषयी मात्र सावध राहिलेले बरे. मार्टरने बोहेचीओचे नाव ‘बेउकिउस अनाकाउचोआ’ असे लिहिले आहे. भावाच्या नावाचाही आरंभ तसाच असेल, तर ‘फूल’ हा अर्थ डळमळतो. तो घराण्याशी किंवा पदाशी निगडित घटक असणे अशक्य नाही. शिवाय शारागुआत सोने नव्हते. कोलंबसचा भाऊ बार्तोलोमे याने खंडणी मागितली तेव्हा बोहेचीओने कापूस व कसाव्याची भाकरी कबूल केली. तेव्हा नावातील सोन्याचा रोख खाणींपेक्षा झळाळीकडे असावा. मार्टर बोहेचीओची जी इतर नावे सांगतो, त्यांतही तांब्यासारखी चकाकी आहेच.

उच्चार : आरावाक या अमेरिकी भाषाकुळातील ताईनो भाषा अलिखित होती, तिचे ध्वनी उरले ते स्पॅनिश व लॅटिन लेखनातून. नावात पाच अक्षरे आहेत: अ-ना-का-ओ-ना. ‘का’ व ‘ओ’ वेगवेगळे उच्चारायचे, आघात ‘ओ’वर. मार्टर मात्र सोन्याचा शब्द ‘काउना’ असा लिहितो. तो स्वतः अमेरिकेला गेला नव्हता, परतलेल्यांकडून ऐकून लिहीत होता. पण ही निव्वळ ऐकण्यातली चूक मानण्याचे कारण नाही. तत्कालीन नोंदींत ताईनो शब्दांतील ओ-उ यांची अदलाबदल वारंवार दिसते, त्यावरून मूळ भाषेत हा भेद अर्थाला महत्त्वाचा नसावा, असे मत आहे आणि ते अधिक ग्राह्य वाटते. फ्रेंच वळणात आघात शेवटच्या अक्षरावर सरकतो. मराठीत कधी आढळणारे ‘ॲनाकोना’ हे रूप इंग्रजी वाचनातून आले असून त्यात एक अक्षर गळते. ॲनाकोंडा या सापाशी नावाचा संबंध नाही.

हवानात १९३२ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या वाद्यवृंदाने हेच नाव घेतले.