असेंबल्ड पीसी : गेमिंग आणि ऑफिससाठी पार्ट निवडणं

असेंबल्ड पीसी म्हणजे कंपनीचा तयार सेट न घेता प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट सुटं सुटं घेऊन जोडलेला कॉम्प्युटर. १९८१ च्या आयबीएम पीसीची रचना खुली होती म्हणून बाकीच्या कंपन्यांनी त्याला चालणारे पार्ट काढले, आणि १९९५ मध्ये इंटेलने बोर्ड, कॅबिनेट नि एसएमपीएसच्या मापांसाठी आणलेलं एटीएक्स हे मानक थोड्याफार फरकाने आजही चालतंय. मुंबईत ही खरेदी म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरात एसपी रोड. हल्ली बरेच जण ऑनलाइन घेतात, तरी भाव काढायला तिकडे एक चक्कर होतेच.

दिवसा ऑफिस आणि रात्री गेम एकाच मशीनवर हवं असेल तर सुरुवात मॉनिटरपासून करावी, बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी उरलेल्या पैशात घेतात आणि तिथेच गणित बिघडतं. १०८०पी, १४४०पी, ४के ही स्क्रीनवरच्या पिक्सेलची, म्हणजे चित्राच्या ठिपक्यांची मापं; १४४०पी मध्ये १०८०पी च्या पावणेदोन पट पिक्सेल असतात, ४के मध्ये चौपट, आणि गेममध्ये हा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर येतो. २७ इंची १४४०पी वर दोन एक्सेल शीट शेजारी शेजारी नीट वाचता येतात, म्हणजे ऑफिसचंही काम होतं, पण मग कार्ड त्या तोडीचं लागतं. कार्डाची ८ जीबी मेमरी १०८०पी ला बहुतेक ठिकाणी पुरते, १४४०पी साठी १२ किंवा जास्त बघावी.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळ्या कार्डाशिवाय स्क्रीन चालत नाही; एएमडीच्या रायझन ५६०० मध्ये नाही पण ५६००जी मध्ये आहे, ७००० सिरीजमध्ये एफवाले सोडले तर छोटंसं असतं. एफवाला थोडा स्वस्त पडतो म्हणून लोक उचलतात, पण ऑफिसचं काम असेल तर ती बचत नको, कारण कार्ड वॉरंटीला गेलं की स्क्रीनच येत नाही आणि सोमवारची मीटिंग मोबाइलवर करावी लागते.

बोर्ड घेताना सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो तो खाचा, पुढे किती वर्षं चालेल ते बघतात. एएमडीच्या एएम४ बाबतीत २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून पुढे रायझन ५००० सिरीज बसली, इंटेलचं एलजीए १७०० मात्र १२ ते १४ जनरेशन चाललं आणि २०२४ मध्ये १८५१ आलं. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला फक्त डीडीआर५ रॅम लागते, आधीच्या पिढीच्या डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती त्यात जातच नाही. डेस्कटॉप बोर्डावर वायफाय असेलच असं नाही, हे घरी आल्यावर कळतं. रॅम एका काडीपेक्षा दोन सारख्या काड्यांत घ्यावी म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं (दोन्ही काड्या एकाच वेळी वापरल्या जातात), आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग) चालू करावं, नाहीतर ६००० स्पीडची म्हणून घेतलेली रॅम कमी स्पीडवरच चालत राहते. १६ जीबीत भागतं, ३२ असेल तर ब्राउझरचे पन्नास टॅब उघडे ठेवून गेम लावता येतो. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले तेव्हापासून मात्र हात आखडता घ्यावा लागतोय.

एसएसडी एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणीवाली) घ्यावी, जुन्या साटा जोडणीवाली सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास अडकते. एनव्हीएमईमध्ये जेन ४ की नव्या पिढीची जेन ५ यावर डोकं लावू नये, वर्ड उघडताना फरक कळत नाही.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा ४५० वॅट लिहिलेला डबा गेमिंग पीसीत लावू नये, एवढं एक पाळलं तरी पुष्कळ. एसएमपीएसवरचा एटी प्लस (८० प्लस) हा शिक्का २००४ पासूनचा, तो विजेची बचत सांगतो, आतल्या पार्टचा दर्जा नाही, म्हणून त्यातली गोल्ड पायरी बघून डोळे मिटून घेऊ नये, वॉरंटी किती वर्षांची ते विचारावं. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, ४०९० ला ४५०, त्यात प्रोसेसर नि बाकीचं धरून वर थोडी जागा सोडायची. आपल्याकडे लाइट जाते, त्यामुळे युपीएस आलाच, पण ६०० व्हीएचा युपीएस साधारण ३६० वॅटच झेपवतो, मोठं कार्ड फुल लोडवर असताना लाइट गेली तर तो लगेच ट्रिप होऊ शकतो. शिवाय स्वस्त युपीएस आणि साधे इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, अॅक्टिव्ह पीएफसीवाले (वीज नीट खेचणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस त्यावर कुरकुरतात किंवा बंद पडतात.

कॅबिनेटला पुढे जाळी हवी, काच नको. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, आत येणारी हवाच तापलेली, त्यात काचेमागे पंखे कोंडले तर कार्ड स्पीड कमी करतं. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मापांशी जुळवून बघावी.

पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, धंद्यासाठी घेत असाल आणि नोंदणी असेल तर बिलावर जीएसटी नंबर टाकून घ्या, क्रेडिट मिळू शकतं. अमेरिकेतल्या भावाकडून कार्ड मागवायचं असेल तर त्याची वॉरंटी भारतात चालते का ते आधी विचारून घ्यावं, बऱ्याच ब्रँडची चालत नाही.