यशया ७:१४ : ‘कुमारिका’ की ‘तरुणी’? वादाची पार्श्वभूमी

बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, सातव्या अध्यायाच्या चौदाव्या ओवीत, एक स्त्री गरोदर राहून तिला मुलगा होईल असं म्हटलं आहे. ती ‘कुमारिका’ की नुसती ‘तरुणी’, हा वाद. बायबल माणसांनी, आपापल्या काळातल्या अडचणींना तोंड देताना लिहिलं, एवढंच गृहीत धरून ते वाचायचं, ही इहवादी मानवतावादी वाचनाची भूमिका. ती आजची नाही. १६७० मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक निनावी लॅटिन ग्रंथ छापला गेला, मुखपृष्ठावर मुद्दाम हॅम्बुर्गचं नाव घालून. बायबलची पहिली पाच पुस्तकं मोशेने लिहिली असं परंपरा मानते; मग त्यांतली मोशेच्या मृत्यूची हकिकत मोशे स्वतः कशी लिहील, हा त्यातला साधा प्रश्न आजही पुरेसा आहे. १८२० च्या सुमारास अमेरिकेच्या एका माजी राष्ट्राध्यक्षाने शुभवर्तमानांतले, म्हणजे येशूच्या चरित्रकथांतले, चमत्कार वगळून उरलेला मजकूर पात्याने कापला आणि ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी अशा चार स्तंभांत चिकटवला. धाडसी काम, पण वाचनाची रीत म्हणून चुकीचं. चमत्कार काढून टाकला की तो कुणी, कशासाठी लिहिला हे विचारायची सोयच राहत नाही.

आजच्या वादाचं मूळ मात्र १९५२ मध्ये आहे. त्या वर्षी ३० सप्टेंबरला इंग्रजी बायबलची सुधारित आवृत्ती अमेरिकेत निघाली. यशया ७:१४ मध्ये जवळपास साडेतीनशे वर्षं इंग्रजी वाचकांना ‘कुमारिका’ भेटत होती, तिथे आता ‘तरुणी’ आली आणि ‘कुमारिका’ तळटीपेत गेली. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका पाळकाने ते पान जाळलं. भाषांतरकारांकडे राखेचा डबा पोचला. १९६० मध्ये हवाई दलाच्या एका प्रशिक्षण पुस्तिकेत या भाषांतरकारांवर कम्युनिस्ट असल्याचा शिक्काही बसला. ती पुस्तिका मागे घ्यावी लागली.

भाषांतर मात्र बरोबर होतं. हिब्रूत शब्द आहे ‘अल्मा’, म्हणजे वयात आलेली मुलगी. त्याचं पुल्लिंगी रूप ‘एलेम’, म्हणजे तरुण मुलगा. त्यात ब्रह्मचर्याचा काही संबंध नाही. कौमार्याच्या जवळ जाणारा शब्द ‘बेतुला’. पण तोही काटेकोर नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती २४:१६ मध्ये, रिबकेला ‘बेतुला’ म्हटल्यावर लेखकाला ‘तिला कोणा पुरुषाने जाणले नव्हते’ अशी पुस्ती जोडावी लागते, आणि त्याच अध्यायात ४३ व्या ओवीत तीच रिबका ‘अल्मा’ आहे. आपल्याकडे नावाआधी ‘कु.’ लावताना लग्न झालेलं नाही एवढंच सांगायचं असतं. ‘कुमारी माता’ म्हणताना तोच शब्द किती वेगळा वाजतो. गोंधळ साधारण याच जातीचा.

इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत इजिप्तमधल्या ज्यूंसाठी ग्रीक भाषांतर झालं, तेव्हा इथे ‘पार्थेनॉस’ आला, म्हणजे रूढ अर्थाने ‘कुमारिका’. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने तो उचलला आणि येशूच्या जन्माला जोडला. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ यशयाची सात मीटरहून लांब, ख्रिस्तपूर्व काळातली गुंडाळी सापडली. तिच्यातही ‘अल्मा’च आहे. या जागी हिब्रू मजकूर मागाहून बदलला, ही शंका तिथेच मिटते.

इथे इहवादी वाचकही घसरतात. ‘एका चुकीच्या भाषांतरावर ख्रिस्ती धर्म उभा आहे’ हे वाक्य टाळ्या घेतं, पण टिकत नाही. उत्पत्ती ३४:३ मध्ये दीनेवर बलात्कार झाल्यानंतरही ग्रीक भाषांतर तिला ‘पार्थेनॉस’च म्हणतं. म्हणजे तो शब्दही सैल होता. शिवाय दुसरा शुभवर्तमानकार लूक कुमारिकेच्या पोटी जन्म सांगतो, पण ही ओवी उद्धृत करत नाही.

ओवी सोडवायची तर १४ वर थांबू नये. ७:१ ते १६ सलग वाचावं, मग ८:३-४. इ.स.पू. ७३५ च्या सुमारास अराम आणि इस्राएल या दोन राज्यांचे राजे यरुशलेमवर चालून आले आहेत, यहूदाचा राजा आहाज घाबरला आहे. संदेष्टा सांगतो, हे मूल बरं-वाईट ओळखू लागण्याआधी त्या दोन राजांचा देश ओसाड होईल. म्हणजे मुदत थोड्या वर्षांची. अरामची राजधानी दमास्कस इ.स.पू. ७३२ मध्ये अश्शूरच्या हाती पडलं. सातशे वर्षांनी जन्मणारं मूल आहाजाच्या काय कामाचं?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मात्र कायद्यानेच असं वाचन अडवलं होतं. शाळा भरताना रोज बायबलच्या निदान दहा ओव्या वाचायच्या, आणि त्या टिप्पणीविना. टिप्पणीच नको म्हटल्यावर १४ वी ओवी १६ व्या ओवीपासून तुटणारच. १७ जून १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी हे वाचन घटनाबाह्य ठरवलं. त्याच निकालात साहित्य आणि इतिहास म्हणून बायबलचा अभ्यास शाळेत करायला हरकत नाही, असंही म्हटलं. पहिला भाग सर्वांना पाठ आहे. दुसरा, खरं तर जास्त मोलाचा, फारसा वापरला गेला नाही. त्याच वर्षी मिशिगनमध्ये आठ ज्यू कुटुंबांनी देवाविना चालणारी मंडळी स्थापन केली. त्यांनी तोराची, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथाची, गुंडाळी ग्रंथालयात ठेवली, इतर पुस्तकांच्या सोबतीला.

२०११ मध्ये अमेरिकन कॅथलिकांच्या सुधारित बायबलातही यशयाच्या जागी ‘तरुणी’ आली. मत्तय १:२३ मध्ये ‘कुमारिका’च राहिली, आणि १९५२ च्या आवृत्तीतही ती तशीच होती, कारण मत्तयाने ग्रीकमध्ये तेच लिहिलं आहे.