ब्लॅकवॉटर पार्क

ब्लॅकवॉटर पार्क हा ओपेथ या स्वीडिश बँडचा पाचवा अल्बम, मार्च २००१ मध्ये आला. प्रोग्रेसिव्ह डेथ मेटल, म्हणजे जड, आक्रमक मेटल पण लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचं, नक्की काय असं कोणी विचारलं की बरेच जण हाच अल्बम ऐकायला देतात आणि माझ्या मते ते अगदी बरोबर करतात. आठ ट्रॅक, साधारण ६७ मिनिटं, त्यातली तीन गाणी दहा मिनिटांच्या वरची.

बँड स्टॉकहोमचा, १९९० च्या आसपास सुरू झालेला. या अल्बमच्या वेळी गिटार आणि गाणं मिकाएल ओकरफेल्ट, दुसरी गिटार पीटर लिंडग्रेन, बास मार्टिन मेंडेझ, ड्रम्स मार्टिन लोपेझ. अल्बमचं नाव सत्तरच्या दशकातल्या एका जर्मन प्रोग रॉक (प्रोग्रेसिव्ह रॉक, लांब आणि प्रयोगशील रचनांचं रॉक) बँडवरून घेतलंय. ओकरफेल्टला जुन्या प्रोग रेकॉर्ड्सचं प्रचंड वेड आहे आणि ते या संगीतात जागोजागी ऐकू येतं. कव्हर ट्रॅव्हिस स्मिथचं, धुकट, करडं, झाडांचं, गाण्यांना शोभेल असंच.

रेकॉर्डिंग २००० मध्ये गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये झालं, म्हणजे जिथे स्वीडनच्या मेलोडिक (सुरेल धुनांच्या) डेथ मेटलचे कितीतरी अल्बम बनले तिथेच. पण यावेळी बँडसोबत प्रोड्युसर म्हणून बसला पॉर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश प्रोग बँडचा स्टीव्हन विल्सन, आणि फरक तिथेच पडला. बँडचा आधीचा अल्बम स्टिल लाइफ पण सुंदरच आहे, तरी इथे आवाजाला जी खोली आलीये, मागे हळूच येणारी हार्मनी, पियानो, कुठेतरी लांबून आल्यासारखे आवाज, ते सगळं हेडफोन लावल्याशिवाय पूर्ण कळत नाही. ब्लीक या गाण्यात विल्सन स्वतः गायलाय पण.

आता मुख्य मुद्दा, ग्रोल, म्हणजे घशातून काढलेला गुरगुरता आवाज. ओकरफेल्टचा ग्रोल खोल, भरीव आणि विशेष म्हणजे शब्द बऱ्यापैकी कळतात असा आहे, आणि तोच माणूस पुढच्या मिनिटाला इतक्या मऊ आवाजात गातो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन वेगळे गायक आहेत असंच वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. मी या बँडकडे आलो ते याच अल्बममधल्या हार्वेस्ट या गाण्यामुळे, त्यात एकही ग्रोल नाही, नुसती अकूस्टिक गिटार आणि मरणाच्या जवळ पोचलेल्या माणसाचं शांत गाणं, मी ते आठवडाभर तेवढंच ऐकत होतो. मग एकदा अल्बम पहिल्यापासून लावला. पहिलं गाणं द लेपर अफिनिटी कुठूनतरी हळूहळू वर येणाऱ्या आवाजाने सुरू होतं आणि एकदम रिफ (गिटारची परत परत येणारी जड धून) अंगावर येतो, मागोमाग ग्रोल, मी दचकून बंदच केलं. दोन दिवसांनी परत लावलं, यावेळी शेवटपर्यंत, आणि एवढ्या गदारोळानंतर ते गाणं एकट्या पियानोवर येऊन संपतं तेव्हा हा बँड काय करतोय ते समजलं. मऊ भाग आहे म्हणून जड भाग जड वाटतो, आणि जड भागातून बाहेर आल्यावर साधी गिटार पण काळजाला लागते.

हे सगळ्यात छान दिसतं द ड्रेपरी फॉल्समध्ये. बराच वेळ क्लीन, म्हणजे ग्रोलशिवायचं, गाणंच चालतं, एकच उदास धून फिरत राहते, ग्रोल कधी आत शिरला ते लक्षातही येत नाही आणि तोवर आपण पार आत ओढले गेलेले असतो. माझ्यासाठी अल्बमचं शिखर हेच. डर्ज फॉर नोव्हेंबर सुरुवातीला आणि शेवटी शांत, मध्ये काळोख. द फ्युनरल पोर्ट्रेट त्या मानाने सरळ, रिफवर चालणारं. पॅटर्न्स इन द आयव्ही दोन मिनिटांहून छोटा, अकूस्टिक गिटार आणि पियानो, शेवटच्या बारा मिनिटांच्या टायटल ट्रॅकआधी श्वास घ्यायला दिलेली जागा.

लोपेझच्या ड्रम्सबद्दल फार कमी बोललं जातं. डबल बास (दोन्ही पायांनी वाजवलेला वेगवान बास ड्रम) येतो पण गरज असेल तिथेच, बाकी वेळ त्याचा हात सैल, झुलता असतो, त्यामुळेच एवढी लांब गाणी कंटाळवाणी होत नाहीत.

विल्सनसोबत बँडने पुढे डिलिव्हरन्स (२००२) आणि डॅमनेशन (२००३) हे अल्बम केले. डॅमनेशनमध्ये ग्रोल अजिबात नाही, त्यामुळे ज्यांना हार्वेस्ट आवडलं त्यांनी आधी तिकडे जावं आणि मग इथे परत यावं. बँडला २० वर्षं झाली तेव्हा, २०१० मध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी हा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला, त्याचं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे.