वेबसाइटवरचे झेंडे काढा राव : भाषा वेगळी, देश वेगळा

टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्यांच्या साइट बघितल्या की वर कोपऱ्यात झेंड्यांची रांग ठरलेली, इंग्लिशला ब्रिटनचा, अरबीला सौदीचा. मग दुबईवाल्यानं कुठं क्लिक करायचं? अहो झेंडा देशाचा असतो, भाषेचा नाही! आपल्या सोलापुरातच बघा, मराठी, कन्नड, उर्दू आणि पूर्व भागात शिरलं की तेलुगू, आता चौघींना काय तिरंगाच लावणार?

गिऱ्हाईक काय वाचू शकतं ते भाषेवरनं कळतं, आणि पैसे कशात देणार, माप कशात मागणार ते देशावरनं. दुबईतला इंग्लिश वाचतो पण भाव दिरहममध्ये बघतो. अमेरिकेतला पण इंग्लिशच, पण त्याला साइज इंचात पाहिजे आणि वजन डझनाला किती पाऊंड ते, युरोपवाला सेंटीमीटर नि जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते विचारणार. कॅनडात उलटं, डॉलर एकच पण भाषा दोन, इंग्लिश आणि फ्रेंच.

लोक खरे आपटतात ते साइटच्या कोडमध्ये. कुठलं पान कुणासाठी हे गूगलला सांगायला एचरेफलँग टॅग असतो, त्यात आधी भाषेचा कोड आणि वाटलं तर पुढं देशाचा, नुसता देश चालत नाही. आता भाषांची यादी वेगळी, देशांची वेगळी, पण दोन्हीकडं तीच दोन-दोन अक्षरं! एमआर भाषांमध्ये मराठी, देशांमध्ये मॉरिटानिया. केएन इकडं कन्नड, तिकडं सेंट किट्स अँड नेव्हिस. ब्रिटनसाठी कित्येक जण बिनधास्त ईएन-यूके टाकतात (ईएन म्हणजे इंग्लिश), पण देशांच्या यादीत ब्रिटन आहे जीबी, आणि यूके म्हणजे युक्रेनियन भाषा. साइटवर काहीच बिघडलेलं दिसत नाही, त्यामुळं ही चूक वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. कोड कॅपिटलमध्ये लिहा नाहीतर स्मॉलमध्ये, त्यानं काही फरक पडत नाही. फक्त एकाच पानाच्या वेगवेगळ्या भाषांतल्या आवृत्त्यांवर टॅगमध्ये एकमेकींची लिंक पाहिजे, एकतर्फी टॅग गूगल धरत नाही.

आणि आयपी, म्हणजे माणूस कुठल्या देशातनं आलाय ते सांगणारा इंटरनेटचा पत्ता, बघून परस्पर भाषा बदलणाऱ्या साइट तर डोक्यातच जातात. जर्मनीत उतरलेला सोलापूरकर विमानतळावरच जर्मन शिकतो होय? त्याच्या ब्राउझरला भाषा सेट असते की, ती बघून वर एक पट्टी दाखवा, ढकलू नका. शिवाय गूगलबॉट, म्हणजे गूगलसाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, बहुतेक वेळा अमेरिकेच्या आयपीवरनं येतो, त्याला तुमचं अरबी पान दिसणारच नाही.

भाषेचा मेनू वेगळा ठेवा, त्यात मराठी, ಕನ್ನಡ, తెలుగు, اردو असं ज्याच्या त्याच्या लिपीत. देश आणि करन्सीचा दुसरा मेनू, झेंडे लावायची फारच हौस असेल तर तिथं लावा.